आमच्या बाईंचे तीन गावचे पत्ते

जगात नणंदा पुष्कळ असतील, पण एसटीच्या मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन "काल तर ऐकत होता ना बे, आज काय झालं तुले?" असं त्याला भर गाडीत सुनावणारी नणंद अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात एकच होती आणि ती माझ्या वाट्याला आली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्या पुष्कळ चहाड्या करणार आहे, आणि वाचणाऱ्यानं उगाच समजू नये की वहिनी नणंदेची उणीदुणी काढायला बसली. उणीदुणी काढायला बसले आहे हे खरंच आहे. पण अभिमानानं बसले आहे. मी त्यांना बाई म्हणते. आमच्या ह्यांची ती धाकटी बहीण, वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान. पण जळगाव जामोदच्या आमच्या घरात नणंदेला बाई म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं अशी रीत आहे, ती मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पाळत आले. मनातल्या मनात काय म्हणत होते ते पुढे येईलच. तेव्हा चारचौघांत माझी काय शोभा झाली तेही येईल.

बाईंच्या हातात कुठलीही वस्तू दिली की त्या आधी उलटी करून पाहत. ताट उलटं, खुर्ची उलटी, साडी उलटी. पदर बघायचं सोडून मागचे धागे बघत बसलेल्या गिऱ्हाइकाकडे कापडदुकानदार कसा पाहतो ते मला विचारा, शेजारी मी बसलेली असायची. हे खूळ कपाशीतून आलेलं होतं. किडी बसतात पानाच्या खालच्या अंगाला, आणि बाईंचं काम किडी मोजायचं. "वरून सगळंच हिरवं दिसते, वहिनी," त्या म्हणत, आणि माझ्या नव्या टेबलक्लॉथची खालची टीप उसवून दाखवत. टीप कच्ची होती हेही खरं. पण पाहुणे बसलेले असताना दाखवायची काही गरज होती का?

त्या या कामाला कशा लागल्या ते सांगते. बीटी कपाशी आमच्या भागात येऊन सहा-सात वर्षं झाली होती. बोंडअळीची फवारणी वाचेल म्हणून लोकांनी हौसेनं लावली, आणि मग तुडतुडे, फुलकिडे, पान लाल पडणं, एक ना दोन, रोज नवीन दुखणं. दुकानदार देईल ते औषध आणायचं, दोन-तीन एकत्र करायचं आणि पंप पाठीवर घ्यायचा, एवढंच शेतकऱ्याच्या हातात उरलं होतं. आमच्या ह्यांनी असंच एका दुपारी वाऱ्याच्या तोंडी फवारलं. बाजेवर घालून आणलं त्यांना. डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला फेस, आठ दिवस दवाखाना. माणूस हाती लागला, पण हातांची थरथर गेली नाही. माझ्या शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवून द्यायचे ते, पुढे कधी त्यांना ओवता आला नाही. बाई तेव्हा शेतकीची पदविका घेऊन घरी बसल्या होत्या. त्या आठ दिवसांत त्या रडल्या नाहीत. शेतातून औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या उचलून आणल्या, ओसरीवर बसून त्यांच्यावरची बारीक अक्षरं वाचली, मग शेतात जाऊन कपाशीची पानं पाहून आल्या आणि म्हणाल्या, "यातली एकही लागत नव्हती, वहिनी. दादानं पान उलटून पाह्यलंच नाही." त्याच महिन्यात त्यांनी कपाशीवरच्या किडींच्या सर्वेक्षणाचं काम धरलं.

काम ऐकायला सोपं. ठरवून दिलेल्या शेतात जायचं, ठरलेली झाडं पाहायची, प्रत्येक झाडाची तीन पानं उलटून किडी मोजायच्या, फोटो काढायचे, सगळं लॅपटॉपमध्ये भरायचं आणि दर बुधवारी दुपारी दोनच्या आत इंटरनेटवरून पाठवायचं. तिकडे कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ ते बघून लगोलग सल्ल्याचा कागद धाडत, की अमक्या गावानं फवारा, तमक्या गावानं फवारू नका. दोन वाजून गेले की त्या आठवड्याचं दार बंद. ज्या गावाचे आकडे गेले नाहीत त्या गावाला सल्ला नाही, मग ते गाव आपलं पुन्हा दुकानदाराच्या तोंडाकडे पाहायला मोकळं. बाईंकडे तीन ठिकाणं होती: आमचं जळगाव, मधे शेगाव, आणि तिकडे दूर खाली साखरखेर्डा, म्हणजे माझं माहेर. आठवडाभर त्या या तिन्ही ठिकाणी एसटीनं फिरत. किडी तिन्हीकडे सारख्याच होत्या. नेट मात्र तिन्हीकडे वेगळं होतं, आणि बाईंचं अर्धं आयुष्य किडींत गेलं असेल तर उरलेलं अर्धं त्या नेटात गेलं.

कचेरीनं त्यांना एक जुना लॅपटॉप दिला होता. त्यात सगळ्यांकडे असते तीच प्रणाली होती, पण कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि लागोपाठ दोन आठवड्यांचे आकडे गिळून बसला. तेव्हा खामगावच्या कॉलेजातल्या एका मास्तरांनी सगळं पुसून त्यात लिनक्स टाकून दिलं. म्हणाले, हे फुकट आहे, याला व्हायरसचा त्रास नाही, आणि आतलं सगळं उघडून पाहता येतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी बाईंसमोर बोलायला नको होतं. त्या दिवसापासून लॅपटॉप म्हणजे बाईंना एक मोठं पान झालं. उलटायचं आणि खालून बघायचं.

आता मला यातलं जे काही कळतं ते बाईंच्या बडबडीतून कळलेलं आहे, तेव्हा जाणत्यांनी हसू नये. नेटावर बसलेल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, त्याला म्हणायचं पत्ता. आमच्या घरी टेलिफोनच्या डब्याकडून तो आपोआप मिळायचा. शेगावला ज्या लॉजात बाई उतरत तिथं हवेतून मिळायचा, पण आधी एका मधल्या यंत्राची परवानगी घ्यावी लागायची. साखरखेर्ड्याच्या शाळेत काहीच आपोआप नव्हतं; तिथल्या संगणकाच्या सरांनी बाईंना सतरा नंबर दिला होता, तो हातानं भरायचा. माणूस तीन गावं फिरतो तेव्हा तीनदा चपला काढतो-घालतो, तसं बाईंना प्रत्येक गावी आदल्या गावचा पत्ता काढून या गावचा घालावा लागे. त्यात लॅपटॉपच्या आत नेट जोडून द्यायला एक वेगळा प्रोग्राम बसलेला होता, त्याला बाईंनी नाव ठेवलं होतं कारभारी. बाई हातानं फाईलीत नीट सगळं लिहून ठेवत आणि यंत्र बंद करून चालू केलं की कारभारी ते पुसून आपल्या मनाचं लिहून ठेवी. "मी जे लिहिलं ते यानं काऊन पुसलं? विचारलं तरी काय मले?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की एकदा भाजी चिरता चिरता मीच म्हटलं, "अहो, घरोघरी कारभाऱ्यांचं असंच असतं." तर त्या हसल्या नाहीत. आमचे हे मात्र पेपर तोंडावर धरून हसत होते.

या भांडणापायी बाईंच्या खांद्यावर एक झोळी आली. झोळीत लॅपटॉप, भिंग, तीन खणांचा वीजबोर्ड, दोन भाकरी, ठेचा आणि पंचवीस हात लांब नेटची निळी वायर, वेटोळं करून वरून गाठ मारलेली. जळगाव-शेगाव गाडीच्या कंडक्टरनं पहिल्यांदा ती वायर पाहिली तेव्हा विचारलं, "ताई, म्हैस विकली काय? नुसतं दावंच घेऊन चालल्या!" बाईंनी त्याला बसवून घेतलं आणि नांदुरा येईपर्यंत पत्ता म्हणजे काय, कारभारी म्हणजे काय, हे सगळं समजावलं. पुढे तो कंडक्टर बाईंना पाहिलं की तिकीट फाडून झटकन ड्रायव्हरकडे निघून जाई. शेगावच्या लॉजात तर वेगळीच तऱ्हा. तिथलं हवेतलं नेट खोलीत यायचं नाही, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर यायचं, आणि तिथंही पदर डोक्यावर घेऊन वाकून बसलं तरच स्क्रीन दिसायचा, इतकं वरच्या झरोक्यातून ऊन यायचं. एकदा दर्शनाहून परतलेल्या बायकांनी पाहिलं, की एक बाई पायरीवर पदर घेऊन, ओठ हलवत, समोर काहीतरी उघडून बसली आहे. त्यांना वाटलं पारायण चाललंय. एका म्हातारीनं वाकून बाईंच्या हातावर प्रसाद ठेवला आणि विचारलं, "किती दिवसांचं आहे, माय?" बाई म्हणाल्या, "दर बुधवारचं आहे, आजी." आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं.

एकदा बाईंना पाहायला पाहुणे आले, अकोल्याकडचे. मुलगा शिकलेला, नोकरीचा, नाकीडोळी नीटस. मी पोह्यांच्या बशा भरल्या, आणि बाई कुठं, तर पलंगाखाली. टेलिफोनच्या डब्याचा लाल दिवा लागला होता आणि तो हिरवा झाल्याशिवाय त्या बाहेर यायला तयार नव्हत्या. शेवटी मुलगाच वाकून बघायला गेला, तर त्याच्या हातात वायरचं टोक देऊन म्हणाल्या, "एवढं धरा जरा." त्यानं धरलं बिचाऱ्यानं. मला तर वाटलं, जमलं! पण वायर धरल्या धरल्या तो शहाणपण शिकवायला लागला. सगळे लोक जे वापरतात ते वापरावं माणसानं, हा डोक्याला ताप कशाला? बाई पलंगाखालूनच म्हणाल्या, "सगळे फवारतात म्हणून फवारायचं काय?" तो काय समजला देव जाणे. पोहे खाऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. सासूबाई दोन दिवस माझ्याशीच बोलल्या नाहीत, जसा काही डबा मी बिघडवला होता. आणि मी? मी वरवर बाईंवर चिडले होते. पण खरं सांगू, ओसरीवर खुर्चीत बसलेल्या आमच्या ह्यांच्या हातात बशी थरथरत होती, ते ऐकत होते, आणि त्यांच्याकडे पाहून मला वाटलं, बरं झालं बोलली. फार बरं झालं.

आता माझ्या शोभेची गोष्ट. त्या वर्षी साखरखेर्ड्याला ऐन बोंडं धरायच्या वेळी कपाशीची पानं लाल पडायला लागली. बांधावरून पाहिलं तर शेतच्या शेत लाल. औषधाच्या दुकानदारानं सांगितलं, किडीचा हल्ला आहे, तीन औषधं एकत्र करून फवारा, उशीर केला तर झाड हातचं जाईल. बाईंनी दोन दिवस वाकून वाकून पानं उलटली. किडी होत्या, पण मोजून थोड्या, आणि त्यांना खाणारे मित्रकिडे त्यांच्याहून जास्त. बाईंचं म्हणणं, ही कीड नाही, हा लाल्या आहे; झाडाला खुराक कमी पडून राह्यला; विष फवारून झाड थोडंच जेवणार आहे! पण गाव म्हणालं, "ताई, तुमचं खरं असंल. पण तुम्ही मोजणाऱ्या. विद्यापीठाचा कागद दाखवा, मंग थांबू." त्या वेळी पुढे होऊन शब्द टाकला माझ्या थोरल्या भावानं. चाळीसएक माणसांसमोर तो म्हणाला, "ही माझ्या बहिणीची नणंद आहे. बुधवारच्या दोनपर्यंत थांबा. कागद आला तर पंप खाली ठेवायचे, नाही आला तर उचलायचे. मीच पहिला उचलीन." म्हणजे त्या बुधवारी गाव विष अंगावर घेणार की नाही हे बाईंच्या लॅपटॉपवर ठरणार होतं, आणि पहिला पंप माझ्या भावाच्या पाठीवर जाणार होता. एक माणूस बाजेवर आणलेला मी पाहिला होता. दुसरा पाहायची माझी तयारी नव्हती.

बाई मधल्या रविवारी घरी आल्या त्या एकदम गंभीर होऊन. आयुष्यात पहिल्यांदा तिन्ही गावांची जुळणी त्यांना मनासारखी जमली होती. कारभाऱ्यालाही वठणीवर आणलं होतं. कुठंही गेलं तरी गावाचं नाव निवडलं की पत्ता बसत होता. आणि त्यांना भीती कोणाची, तर स्वतःची! चालतं आहे तोवर त्याला हात लावायचा नाही हे बाईंच्या रक्तातच नव्हतं. बुधवारच्या आत त्या नक्की काहीतरी उघडून बसणार, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं. मग त्यांनी एक युक्ती काढली. आमच्याकडे कोणी चार दिवस गावाला निघालं की आपल्या पेटीची किल्ली घरी राहणाऱ्या बाईजवळ देऊन जायची पद्धत आहे. बाई म्हणाल्या, "वहिनी, या यंत्रात मालकाचा एक पासवर्ड असते. तो टाकल्याशिवाय आतलं काही बदलता येत नाही. तो तुम्ही टाका. मी तोंड फिरवून बसतो. कागदावर लिहून तुमच्या जवळ ठेवा अन् मी पाया पडली तरी मले द्यायचा नाही." मी म्हटलं, काय टाकू? म्हणाल्या, लांब टाका, कोणाले सुचणार नाही असं टाका. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि मी एका बोटानं, मनापासून, इंग्रजी अक्षरांत टाकलं. दोनदा टाकायचं होतं, दोनदा टाकलं. चिठ्ठी लिहून शिवणाच्या डब्यात ठेवली आणि किल्लीवाली झाले.

बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी ब्लाउजला हुक लावत होते.

"वहिनी, मालकाचा पासवर्ड द्या."

"नाही," मी म्हटलं.

"नाही काय? मी बोलून राह्यली, मी!"

"आवाज ओळखला मी. पण तुम्हीच सांगितलं होतं, पाया पडली तरी द्यायचा नाही."

"मग पाया पडली समजा!"

"तेच म्हणते मी. पाया पडलात तरी द्यायचा नाही."

तेव्हा बाईंनी भराभर सांगितलं. शाळेत त्याच सकाळी नवा प्रिंटर आला होता, आणि तो बसवणाऱ्यानं न विचारता त्याला सतरा नंबर देऊन टाकला होता. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं! धड प्रिंटर चालेना, धड बाईंचं नेट चालेना. प्रिंटरच्या बारक्या पडद्यावर सगळं परक्याच भाषेत, तिथं कोणाचं काही चालेना. त्याची वायर काढली तर शाळेचं अख्खं जोडणंच आडवं झालं, सरांनी ती पुन्हा लावली. बाईंचाच नंबर बदलायला हवा होता आणि त्याला मालक हवा होता. मालक शिवणाच्या डब्यात. "वहिनी, तुमचे भाऊ पंपापाशी जाऊन उभे राह्यले," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी. "दादाच्या वेळी मी पान उलटलं नाही. मी घरीच होती ना वं तेव्हा, शेतकी शिकून घरीच बसली होती. आता तरी मले उलटू द्या."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की त्या दादाला बोल लावत नव्हत्या. स्वतःला लावत होत्या. माझे डोळे भरून आले, हातातली सुई खाली ठेवली, डबा उघडला, चिठ्ठी काढली. आणि चिठ्ठी वाचली तेव्हा डोळ्यांतलं पाणी तिथंच सुकलं. अरे देवा! हे मी फोनवर कसं सांगू?

"सांगा ना लवकर!"

मी आवाज एकदम खाली आणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "ऐकू नाही येत. दोन्ही हात गुंतले, फोन टेबलावर मोठ्यानं लावून ठेवला आहे. मोठ्यानं बोला."

"कोण कोण आहे तिथं?" मी विचारलं.

"सगळेच आहेत. सर आहेत, भाऊपण आले, सगळं गाव आहे. वहिनी, दीड वाजून राह्यला!"

मी डोळे मिटले आणि मोठ्यानं, स्वच्छ, शाळेत कविता म्हणतात तसं म्हटलं, "बाई माझं डोकं खातात. सगळं जोडून."

तिकडे आधी एक हसू फुटलं, मग दुसरं, मग शाळेचे पत्रे उडतील असं अख्खं गाव हसलं. मी नांदायला आले त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांची कमावलेली अब्रू माहेरच्या शाळेत मांडली गेली. त्या सगळ्या गलक्यात माझ्या भावाचा आवाज मात्र नीट ऐकू आला: "'खातात' लिहा ताई, 'खाते' नका लिहू. आमच्या पोरीनं पासवर्डातही मान राखलाय!" आणि बाई? बाईंच्या बोटांचा टकटक आवाज येत होता. शेवटचं बटण दाबल्याचा आवाज आला. "बसला," त्या म्हणाल्या. मग जराशानं, अगदी कामाच्या आवाजात, "'खाते' म्हटलं असतं तर एक अक्षर वाचलं असतं, वहिनी." आणि फोन ठेवून दिला.

मी तो हुक उलटा लावला, तो उसवला, पुन्हा उलटा लावला. घड्याळात दोन वाजले, सव्वादोन झाले. हे शेतातून आले, त्यांना सांगितलं. ते माझ्याजवळच पायरीवर बसून राहिले. अडीचच्या पुढे फोन वाजला. भाऊ होता. दोनला दहा कमी असताना सगळं गेलं म्हणाला, आकडे, फोटो, सगळं. आणि आत्ता कागद आला, त्याच नव्या प्रिंटरवर छापला. त्यानं तो मला वाचून दाखवला: लाल्याची लक्षणे आहेत, किडींचे प्रमाण कमी आहे, कोणतेही कीटकनाशक फवारू नये, मॅग्नेशियमची मात्रा जमिनीतून द्यावी. मग म्हणाला, "मी पंप धुऊन माळ्यावर टाकला. बाकीच्यांनीही टाकले." मी फोन ह्यांच्या कानाला लावला आणि भावाला म्हटलं, पुन्हा वाच. त्यानं पुन्हा वाचलं. हे 'हाव, हाव' म्हणत ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "माही बहीण आहे ती."

शुक्रवारी बाई घरी आल्या तेव्हा मी तोंड लपवत होते. त्यांनी झोळी टेकवली, हात-पाय धुतले, ताटावर बसल्या आणि ताट उलटं करून पाहायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. "खरंच खातो काय मी डोकं?" मी म्हटलं, "खाता की." त्या म्हणाल्या, "मग वाढा भाकर, डोकं तरी वाचंल." आम्ही दोघी अशा हसलो की सासूबाई काठी टेकत आत आल्या विचारायला, काय झालं म्हणून. नणंद-भावजय इतकं हसतात हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

तो प्रकल्प पुढे बंद झाला. बाईंना दूरच्या जिल्ह्यात नव्या मुला-मुलींना शेतात नेऊन शिकवायचं काम मिळालं आणि त्या गेल्या. आता म्हणे कुठल्याही गावी गेलं तरी सगळं आपोआप जोडतं, कोणाला काही लिहावं लागत नाही. चांगलंच आहे. पलंगाखालून कोणी "एवढं धरा जरा" म्हणत नाही, तेव्हा केर काढायलाही सोपं पडतं. पण दुपारी घर इतकं गप्प असतं की मी उगाच मशीन चालवत बसते.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला साखरखेर्ड्याला गेले. स्टँडवर उतरले तर झाडाखाली एक म्हातारे बाबा बसले होते, त्यांनी डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कोणाची वं तू, बाई?" माहेरच्या गावात या प्रश्नाचं उत्तर जन्मापासून एकच असतं. मी वडिलांचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारची भाजीवाली त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "अहो, नाही ओळखलं का? ते पंप खाली ठेवायला लावले होते ना, त्या ताईची वहिनी ही!" बाबांनी हात जोडले. मी वडिलांचं नाव सांगितलंच नाही. हो म्हटलं, त्यांचीच.